मदत हवी आहे: जातीय निवाड्याआधीचे रॅम्से मॅकडोनाल्ड

नमस्कार मंडळी. आपल्याकडे रॅम्से मॅकडोनाल्ड म्हटलं की १९३२चा जातीय निवाडा (धर्म-जातींनुसार स्वतंत्र मतदारसंघ देणारा ब्रिटिश सरकारचा निर्णय) आणि येरवड्यातला पुणे करार, एवढंच आठवतं. मला त्याआधीचा माणूस हवा आहे. १८६६ साली लॉसीमाउथ या स्कॉटिश मच्छीमार गावात, अविवाहित आईच्या पोटी जन्मलेला हा मुलगा १९२४मध्ये ब्रिटनमध्ये मजूर पक्षाचा पहिला पंतप्रधान झाला! पहिल्या महायुद्धाला विरोध केला म्हणून १९१६ साली गावच्याच गोल्फ क्लबने त्यांना काढून टाकलं होतं (हा किस्सा मला भारी आवडतो). १९११च्या काँग्रेस अधिवेशनाचं अध्यक्षपदही त्यांच्याकडे येणार होतं, पण पत्नीच्या निधनामुळे राहिलं. त्या काळातल्या मराठी वृत्तपत्रांत त्यांच्यावर काही छापून आलं होतं का? कुणाकडे जुनी कात्रणं असतील तर कृपया कळवा.