खुर्चीत बसलं की पाय टेकत नाहीत, दिवसभर बसून काम कसं करायचं?

जुळे_सोलापूरची
नमस्कार मंडळी. मी पुण्याच्या एका कंपनीचं अकाउंट्सचं काम घरून करते, सकाळी साडेनऊला बसते ते संध्याकाळी सात, आणि जीएसटीची ११ आणि २० तारीख जवळ आली की रात्रीचे दहा पण वाजतात. माझी उंची ५ फूट. टेबल म्हणजे सासूबाईंच्या माहेरचं सागवानी डायनिंग टेबल, टेप लावून मोजलं तर ३० इंच उंच. खुर्ची मात्र नवीन, गॅसवाली, खाली-वर होणारी.

अडचण अशी आहे की खुर्ची खाली घेतली तर पाय नीट टेकतात पण खांदे वर चढतात आणि मनगटं टेबलाच्या कडेला घासून लाल होतात, आणि वर घेतली तर हात एकदम बरोबर येतात पण पाय लोंबकळतात. मग मी खुर्चीच्या चाकांच्या दांड्यांवर पंजे टेकवून बसते, नाहीतर उजवा पाय दुमडून त्याच्यावरच बसते. दुपारी चार वाजले की मांडीची मागची बाजू बधिर होते, पोटऱ्या भरून येतात, संध्याकाळी दूध आणायला निघाले की चपलेचा पट्टा रुततो. परवा फोन घ्यायला पटकन उठले तर उजव्या पायाला जाणीवच नव्हती, टेबल धरलं म्हणून पडले नाही. तेव्हापासून खरंच काळजी वाटायला लागलीय.

पायाखाली नेमकं काय ठेवायचं, किती उंच ठेवायचं, आणि खुर्चीवर मांडी घालून बसलं तर चालतं का? टेबल कापायचं सोडून काहीही सांगा, ते घरात कुणालाच चालणार नाही.

साखरपेठ_हिशोब
ताई, मी सुताच्या पेढीवर २२ वर्षं हिशोब लिहितोय. सुरुवातीला आमच्याकडं गादीवर बैठक होती, पुढं उतरतं डेस्क, मांडी घालून वह्या लिहायच्या. मग कॉम्प्युटर आला, टेबल-खुर्ची आली आणि पायांचं काय करायचं ते कुणीच सांगितलं नाही. त्यामुळं तुमचं दुखणं मला चांगलंच कळतंय.

एक गोष्ट पक्की धरा, खुर्ची पायाच्या मापानं लावायची नाही, टेबलाच्या मापानं लावायची. खांदे सैल सोडा, कोपर अंगाला लावा, हात कीबोर्डवर ठेवा, कोपर साधारण काटकोनात आलं आणि मनगट वाकडं झालं नाही की तीच तुमच्या खुर्चीची उंची. मग पाय लोंबकळले तर लोंबकळू देत, जमीन वर आणायची. आपण सगळे उलटं करतो, पाय टेकवायच्या नादात खुर्ची खाली घेतो आणि मग मान-खांदे धरून बसतो.

आता जमीन किती वर आणायची, त्यासाठी आधी पैसे घालू नका. घरात सोलापुरी चादरी असतीलच की, जाड जेकार्डच्या. त्यांच्या घड्या करून एकावर एक ठेवा, पाय ठेवून अर्धा तास काम करून बघा, एक घडी काढा, परत बघा. मांडी सीटवर पूर्ण टेकली पाहिजे पण सीटच्या पुढच्या कडेनं मांडीला दाब बसायला नको, आणि टाच आणि पंजा दोन्ही टेकले पाहिजेत. ती उंची सापडली की टेपनं मोजा आणि मग लाकडात करून घ्या. चादरी कायमच्या ठेवू नका, मऊ असतात, पाय रुततो, चार दिवसांत दबून उंची बदलते.

मी स्वतः काय केलंय तर दोन आडव्या विटा, वर शहाबादी फरशीचा तुकडा. वीट ३ इंच, फरशी एक इंच, झाले ४. उन्हाळ्यात अनवाणी पाय ठेवले की लई बरं वाटतं बघा, आणि हलत पण नाही. फक्त फरशीची धार घासून घ्या आणि थंडीत वर पोतं टाका.

होटगीरोड_फिजिओ
मी फिजिओथेरपिस्ट आहे, वरचं उत्तर बरोबर आहे, त्यात थोडी कारणं घालते म्हणजे ताईंना स्वतःचं स्वतः ठरवता येईल.

पाय लोंबकळले की पायांचं सगळं वजन सीटच्या पुढच्या कडेवर येतं, मांडीखालच्या नसा आणि शिरा तिथं दाबल्या जातात. बधिरपणा त्याचाच. सीटची कड आणि गुडघ्यामागची लवण यात दोन-तीन बोटं जागा असायला हवी. तुमची उंची कमी आहे आणि बाजारातल्या खुर्च्यांच्या सीट खोल असतात, म्हणून पाठ टेकवायला मागं सरकलात तर कड लवणीत रुतत असणार आणि पुढं सरकलात तर पाठीला आधार नसणार. पाठीमागं एक घट्ट उशी लावून बघा, कमरेच्या खोबणीत बसेल अशी, त्यानं दोन्ही प्रश्न सुटतात.

सूज का येते ते पण सांगते. पावलांतलं रक्त वर हृदयाकडं न्यायचं काम बऱ्याच अंशी पोटरीचे स्नायू करतात. स्नायू आवळला की आतली शीर पिळली जाते, शिरांमध्ये एकाच दिशेला उघडणाऱ्या झडपा असतात त्यामुळं रक्त वरच जातं. तुम्ही चार तास पाय न हलवता बसलात की हा पंप बंद. वरून आपला सोलापूरचा उन्हाळा, ४३-४४ डिग्रीत रक्तवाहिन्या आणखी रुंद होतात, पाणी बाहेर झिरपतं आणि चप्पल घट्ट होते. म्हणजे पायपाट कितीही छान केला तरी पाय त्यावर नुसते ठेवून चालणार नाही. बसल्या बसल्या टाचा उचला, मग पंजे उचला, असं वीस-तीस वेळा, दर अर्ध्या तासाला. आणि उठून पाणी प्यायला जा. पाण्याची बाटली टेबलावर ठेवू नका, स्वयंपाकघरात ठेवा.

चाकांच्या दांड्यांवर पंजे ठेवणं बंद करा. त्यात गुडघा फार दुमडतो, टाच हवेत राहते आणि पोटरी सतत आखडलेली राहते. एका पायावर बसणं त्याहून वाईट, कारण कंबर एका बाजूला कलते आणि गुडघा तासन्‌तास पूर्ण मिटलेला राहतो. पायावर पाय टाकायची सवय असेल तर तीही आवरा. गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला खाली हाडाचा एक उंचवटा हाताला लागतो, त्याच्यावरून एक नस अगदी कातडीखालून जाते, ती दबली की नडगीच्या बाहेरून आणि पावलाच्या वरच्या भागाला मुंग्या येतात, कधी कधी पंजा वर उचलायलाच येत नाही. दोन मिनिटांत जाणीव परत आली तर घाबरू नका, पण पंजा उचलायला जड जातंय किंवा बधिरपणा उतरतच नाही असं झालं तर दाखवा.

आणि हे नीट वाचा. एकाच पायाची पोटरी सुजली, दुखायला लागली, हाताला गरम लागली, तर व्यायाम करत बसू नका, त्याच दिवशी डॉक्टरकडं जा, शिरेत गुठळी असू शकते. सोबत दम लागला किंवा छातीत दुखलं तर थेट हॉस्पिटलला.

अशोकचौक_८८
स्टँडिंग डेस्क घ्या असं ऑफिसात सगळे सांगतात, मी पण घेणार होतो. पण आमच्या नान्नांनी, म्हणजे वडिलांनी, यंत्रमागावर ३० वर्षं १२-१२ तास उभं राहून काढली. त्यांच्या पोटऱ्यांवर शिरांच्या निळ्या गाठी आहेत, रात्री पाय उशीवर ठेवल्याशिवाय झोप लागत नाही. लहानपणी मी त्यांचे पाय दाबायचो, तेव्हा वाटायचं बसून काम करणारे किती सुखी. आता मी आठ तास बसतो आणि माझेही पाय संध्याकाळी जड होतात.

नान्नांना मी ताईंचा प्रश्न वाचून दाखवला. ते म्हणाले, त्यांचे वडील खड्डामागावर विणायचे, बसायचे जमिनीच्या पातळीवर आणि पाय खाली खड्ड्यात, पायाखालच्या पट्ट्या एकाआड एक दाबत राहायचे. पाठ मोडायची, पण पाय सुजलेले त्यांना आठवत नाहीत. उभे माग आले, मग यंत्रमाग आले, आणि पाय नुसते उभे राहिले. फिजिओ मॅडमनी पोटरीच्या पंपाचं लिहिलंय ते वाचल्यावर मला हे लगेच पटलं. म्हणून माझं म्हणणं, उभं राहायचं तर थोडा वेळ, एक पाय छोट्या स्टुलावर ठेवून आणि पाय बदलत. दिवसभर उभं राहून कुणाचे पाय बरे झालेले आमच्या गल्लीत मी तरी बघितले नाहीत.

जुळे_सोलापूरची
सगळ्यांचे खूप आभार, मी रविवारी टेप घेऊन बसले. हात बरोबर येतात तेव्हा सीट, मी बसून गादी दबल्यावर, साडेवीस इंच. अनवाणी टाचेपासून गुडघ्याच्या लवणीपर्यंत १५ इंच. म्हणजे साडेपाच इंचांचा फरक! मी आजवर हे साडेपाच इंच मांडीवर पेलत होते. चादरींच्या घड्यांवर दोन दिवस काम केलं आणि मांडीचा बधिरपणा पहिल्याच दिवशी गेला. टेबलाखालची पट्टी आणि मांडी यात जेमतेम एक बोट जागा राहते, पण लागत नाही.

साखरपेठ दादा, एक विचारायचं राहिलं, मी घरात पाऊण इंचाची रबरी चप्पल घालते. ती धरायची का? आणि मांडी घालून बसायचं कुणीच सांगितलं नाही.

साखरपेठ_हिशोब
चप्पल घालूनच काम करत असाल तर पाट पाऊण इंच कमी करा. एक दिवस चप्पल, एक दिवस अनवाणी असं नको, परत तेच दुखणं. सुताराला सांगताना रुंदी १८ इंच सांगा, दोन्ही पाय मोकळे फिरले पाहिजेत, अरुंद पाटावर पाय जोडून बसावं लागतं आणि मग कंबर अवघडते. पुढं-मागं १२ इंच. आणि सपाट नको, टाचेकडं ५ आणि पुढच्या कडेला साडेसात, एवढा उतार पुष्कळ झाला.

कुंभारी_घरकुल
मांडीबद्दल मी सांगते. माझी अम्मा ३५ वर्षं विड्या वळतेय. मांडीवर सूप, सुपात तंबाखू आणि कापलेली पानं, हजार विड्या होईपर्यंत उठायचं नाही. जमिनीवर बसणाऱ्याला पायाचा त्रास होत नाही असं लोक म्हणतात, त्यांनी अम्मा उठताना बघावं. आधी हात टेकते, मग भिंत धरते, मग मिनिटभर तशीच उभी राहते. गुडघे आणि कंबर दोन्ही गेले. मांडीत दोष नाही ताई, पण सात-आठ तास एकच मांडी कुणालाच झेपत नाही.

अम्माला मी मागच्या वर्षी एक पाट करून दिला, ४ इंचाचा, बुडाखाली. बसणं वर आलं की गुडघे कुल्ल्यांच्या खाली राहतात आणि पाठ आपोआप सरळ होते. आणि दर शंभर विड्यांना एक पाय लांब करायचा असं ठरवलंय, आता डावा, मग उजवा. आधी म्हणायची वेळ जातो, मजुरी हजाराची मिळते, पाय ताणायची नाही. मी आठवडाभर शेजारी बसून मोजलं, हजाराला दहा मिनिटं पण जास्त लागत नव्हती. आता स्वतःच करते.

तुम्ही खुर्चीवर मांडी घालताय म्हणजे हातांच्या दांड्यांत गुडघे अडकत असणार आणि घोटा सीटच्या कडेवर दबत असणार. फोनवर बोलताना दहा मिनिटं घातली तर ठीक, काम करताना नको. मांडीच घालायची असेल तर दुपारचं जेवण जमिनीवर बसून करा, तेवढाच बदल.

विजापूररोड_निवृत्त
माझा अनुभव वेगळा आहे म्हणून लिहितो. माझेही घोटे सुजायचे, मी दोन महिने खुर्चीलाच कारण समजत होतो, पायपाट पण केला. शेवटी डॉक्टरांना दाखवलं तर बीपीची गोळी, अॅम्लोडिपिन, तिनं काही जणांचे घोटे सुजतात, ती त्यांनी बदलून दिली आणि सूज उतरली. गोळी मनानं बंद करू नका, विचारून करा. साधी खूण अशी की बसल्यानं आलेली सूज रात्रभर झोपल्यावर सकाळी उतरलेली असते. सकाळी उठल्यावरही दोन्ही घोटे सुजलेले असतील, बोटानं दाबल्यावर खड्डा राहत असेल, तर बीपी, रक्त, लघवी तपासून घ्या. शुगर असलेल्यांनी तर फरशीवर अनवाणी पाय ठेवण्याआधी रोज तळवे बघायचे, जखम झालेली कळत नाही.

होटगीरोड_फिजिओ
काकांनी फार महत्त्वाचं लिहिलं. घट्ट मोज्यांबद्दल पण कुणी विचारेल म्हणून सांगते, ते दुकानातून आपल्या मनानं आणू नका, माप चुकलं तर गुडघ्याखाली दोरी बांधल्यासारखं होतं, आणि शुगर असेल किंवा पायाचा रक्तपुरवठा कमी असेल तर त्रास वाढतो.

जुळे_सोलापूरची
सकाळी घोटे बघितले, उतरलेले असतात, चप्पल सैल बसते. बीपी पण मोजलं, ठीक आहे. बाटली स्वयंपाकघरात गेली, सुरुवातीला चिडचिड झाली पण दिवसात सहा-सात वेळा उठणं होतंय.

सुताराकडं जाऊन आले. अनवाणीच बसायचं ठरवलंय, म्हणून १८ बाय १२, टाचेकडं ५, पुढं साडेसात, खाली रबराच्या पट्ट्या म्हणजे फरशीवर सरकणार नाही. शुक्रवारी देतो म्हणालाय. कुंभारीच्या ताई, तुमचा अम्मांचा पाट किती लांब-रुंद आहे तेवढं कळवा, सासूबाई देवपूजेला जमिनीवर बसतात आणि उठताना त्यांनाही भिंत लागते, त्यांच्यासाठी पण त्याच लाकडात एक करून घेते.

कुंभारी_घरकुल
१६ बाय १४. कडा गोल करायला सांगा.