डॅनीलचा हात आणि डेमर्झेलचं हसू

विज्ञानकथाकार आयझॅक असिमॉव्हच्या 'फाउंडेशन' मालिकेत सम्राटाचा पंतप्रधान असलेला इटो डेमर्झेल म्हणजेच त्याच्या रोबो-कादंबऱ्यांमधला माणसासारखा दिसणारा रोबो आर. डॅनील, हे असिमॉव्हने पहिल्यापासून ठरवलं होतं असं काही जण म्हणतात, ते मला पटत नाही. १९४२ पासून मासिकात आलेल्या फाउंडेशनच्या कथांमध्ये रोबो औषधालाही नाहीत, आणि डॅनील स्वतःच आला १९५०च्या दशकात. रोबो आणि फाउंडेशन या दोन्ही मालिका असिमॉव्हने जोडल्या त्या ऐंशीच्या दशकात, आणि डेमर्झेल तर १९८८ च्या 'प्रिल्यूड टू फाउंडेशन'मध्ये अवतरतो.

पण नंतर जोडलं म्हणजे ठिगळ लावलं, हेही मला मान्य नाही. डॅनील पहिल्यांदा येतो ती कादंबरी 'द केव्हज ऑफ स्टील' आठवा. तिथे डॅनीलसोबत खुनाचा तपास करणाऱ्या डिटेक्टिव्ह बेलीचा संशय असा आहे: हा रोबो नाहीच, हा तर ज्याचा खून झाला म्हणतात आणि ज्याच्यासारखा डॅनील बनवलाय तो डॉ. सार्टन! डॅनील वाद घालत बसत नाही, बोट चिमटीत धरतो आणि त्याचा उजवा हात बाहीसारखा उसवतो, आतली धातूची यंत्रणा दिसते. बेलीची अशी फजिती झाल्यावर मला अजूनही त्याच्यासाठी वाईट वाटतं. आता 'फॉरवर्ड द फाउंडेशन' घ्या. तिथे संशय बरोबर उलटा आहे: राजकीय विरोधक जोरानम डेमर्झेलवर रोबो असल्याचा आरोप करतो आणि तो खरा असतो. भर पत्रकार परिषदेत थेट प्रश्न येतो, तेव्हा डेमर्झेल फक्त मनमोकळं हसतो. तेवढ्याने आरोप हवेत विरतो, कारण रोबो कुठे हसतात? ते हसणं मालिकेचा नायक, गणितज्ञ सेल्डनने त्याच्याकडून घोटून घेतलेलं असतं. दोन्हीकडे संशय त्याच्याच ओळखीवर, पुरावा मात्र पार उलटा. माझ्या मते हा धागा असिमॉव्हच्या मनात नक्की होता.