मदत हवी आहे: पायथनमध्ये फोल्डरांची यादी ठरावीक पातळीपर्यंतच कशी काढावी?

नमस्कार. आमच्या सामायिक सर्व्हरवर स्कॅन केलेली कागदपत्रे वर्ष, विभाग, प्रकरण अशा क्रमाने एकात एक फोल्डरांत ठेवलेली असून, त्यांतील वरच्या तीन पातळ्यांचीच यादी मला पायथन स्क्रिप्टने काढायची आहे. सगळी यादी काढून नंतर गाळणे परवडत नाही, कारण वेळ जातो तो नेटवर्कवरून खाली उतरण्यातच.

लिनक्सच्या 'फाइंड' आज्ञेत यासाठी 'मॅक्सडेप्थ' हा किती पातळ्या खाली जायचे ते ठरवणारा पर्याय आहे. पायथनच्या 'ओएस' मॉड्यूलमधील 'वॉक' या, फोल्डरांतून एकेक करून फिरणाऱ्या फंक्शनला मात्र तसा पर्याय नाही, याचे नवल वाटते. वॉक वरून खाली जाताना उपफोल्डरांची जी यादी देते, ती जागच्या जागी रिकामी केली तर ते पुढे उतरत नाही, एवढे कळले आहे. अडचण पातळी मोजण्याची आहे. 'रेलपाथ' या फंक्शनने मिळालेल्या, मूळ फोल्डरपासूनच्या सापेक्ष मार्गातील तिरप्या रेषा मोजल्या, तर मूळ फोल्डर दाखवणारा टिंब आणि पहिल्या पातळीवरील फोल्डर या दोहोंसाठी उत्तर शून्यच येते. 'पाथलिब' या मार्ग हाताळणाऱ्या मॉड्यूलने सापेक्ष मार्गाचे भाग मोजणे अधिक निर्धोक ठरेल का?

की एकेका फोल्डरातील नोंदी देणारे 'स्कॅनडिर' वापरून, पातळीचा आकडा सोबत नेणारे स्वतंत्र रिकर्सिव्ह (स्वतःलाच पुन्हा बोलावणारे) फंक्शन लिहावे? तसे केल्यास परवानगी नसलेल्या फोल्डरांच्या त्रुटी, ज्या वॉक एरवी निमूटपणे गिळते, आणि सिम्बॉलिक लिंकांमुळे (दुसऱ्या फोल्डरकडे नेणाऱ्या दुव्यांमुळे) होणारी आवर्तने मलाच हाताळावी लागतील. प्रत्यक्ष वापरलेली पद्धत कृपया कारणांसह सांगावी.