ॲक्सेसरीज लावून लावून पेलोडच संपवायचा तर पिकअप घेतली कशाला?

रिकामा_हौदा
मंडळी, जरा भांडायचंय. हल्ली जी ती ऑफ-रोड पिकअप बघावी तर पुढे लोखंडी बुलबार, त्यात विंच (अडकलेली गाडी रोपने ओढून काढायचं यंत्र), पोटाखाली जाड पत्रे, बाजूला दाराखाली स्लायडरचे दांडे, हौद्यावर कॅनॉपी म्हणजे बंद टप, कॅनॉपीवर रॅक आणि रॅकवर तंबू. मालकाला पेलोड, म्हणजे गाडी किती वजन वाहू शकते ते, विचारा, ब्रोशरमधला आकडा छातीठोकपणे सांगतो. अरे बाबा तो आकडा कोऱ्या गाडीचा. भरलेल्या गाडीची वजनमर्यादा वजा रिकाम्या गाडीचं वजन, उरेल तो पेलोड, आणि तुम्ही बोल्ट मारून जे जे कायमचं बसवता ते सगळं यातूनच वजा होतं.

समजा मर्यादा 3,050 किलो, रिकामी गाडी 2,150, म्हणजे हातात 900. आता धरा बुलबार 60, विंच 40, पत्रे 50, स्लायडर 40, कॅनॉपी 90, रॅक 30, तंबू 65, ड्रॉवर आणि फ्रिज मिळून 90, दुसरी बॅटरी वायरिंगसकट 35, मोठे टायर स्टेपनी धरून 40 जास्तीचे. झाले 540. उरले 360. चार माणसं बसली की 320 गेले. राहिले 40 किलो, त्यात दोन 20 लिटरचे पाण्याचे कॅन ठेवले की गाडी फुल्ल, अजून कपड्याची एक बॅग चढली नाही. ही पिकअप नाही राव, ही स्वतःचंच सामान वाहणारी हमाल आहे.

चिखल_किंग
आकडे मुद्दाम फुगवलेत. सगळंच्या सगळं एकाच गाडीवर कोण लावतं? आणि लावलं तरी काय, पेलोडचा आकडा म्हणजे काही त्याच्यापुढे एक किलो गेला की गाडी मोडली असं नसतं. फोर्ड रेंजरच बघा ना. साध्या रेंजरचा पेलोड टनाच्या आसपास आणि रेंजर रॅप्टरचा त्याच्या दोन तृतीयांशाच्या आसपास. रॅप्टरची चासी काय कमजोर आहे? उलट ती जास्त मजबूत केलेली आहे. मागे पाट्यांच्या जागी कॉइल स्प्रिंग टाकून सस्पेन्शन मऊ केलं, म्हणून आकडा खाली आला. म्हणजे मर्यादा स्प्रिंगची, मग स्प्रिंग बदला, विषय संपला.

रिकामा_हौदा
उदाहरण माझ्याच बाजूने दिलंत, आभार. ऑफ-रोडचं नाव जितकं मोठं तितका पेलोड लहान हेच तर मी म्हणतोय! आणि त्या एका गाडीत मर्यादा स्प्रिंगमुळे आली असं धरलं तरी तुमच्या गाडीत ती कशामुळे आली हे तुम्हाला कुठून कळणार? ब्रेक असेल, एक्सल असेल, बेअरिंग असेल, टायर असेल. यातला सगळ्यात कच्चा भाग आकडा ठरवतो. स्प्रिंग बदलून गाडीची मागची बाजू उचलली जाते, ब्रेक मोठे होत नाहीत.

पाटा_तुटला
दोघंही एकूण वजनावरच अडकलात. खरी गंमत एक्सलची आहे. बुलबार आणि विंच मिळून 100 किलो धरू. हे वजन पुढच्या एक्सलच्याही पुढे लटकतं. व्हीलबेस 3.2 मीटर आणि वजन एक्सलच्या 0.9 मीटर पुढे असेल तर पुढच्या एक्सलवर 100 नाही, 128 किलो येतात आणि मागचा एक्सल 28 किलोने हलका होतो. सी-सॉ, दुसरं काही नाही. दाराच्या खांबावरच्या पट्टीवर पुढच्या आणि मागच्या एक्सलची मर्यादा बहुतेक वेळा वेगवेगळी छापलेली असते, ती कुणी वाचत नाही. डिझेल इंजिन आधीच पुढे बसलेलं, वरून हे सगळं, त्यामुळे एकूण वजनाला भरपूर जागा असताना पुढचा एक्सल संपलेला असू शकतो.

चिखल_किंग
मग मागे 28 किलो हलकं झालं ना, तेवढं मागे जास्त भरा की, बॅलन्स.

पाटा_तुटला
मागे भरल्याने पुढचा फार हलका होत नाही हो. हौद्यातला माल मागच्या एक्सलच्या जवळपास वर असतो, तो जवळजवळ सगळा मागेच बसतो. पुढचं वजन पुढून काढायचं तर अगदी मागच्या टोकाला लटकवायला लागेल आणि ते तर अजून वाईट. ट्रेलर ओढणारे यातच फसतात. 2,000 किलोच्या ट्रेलरचे हुकवर साधारण दहा टक्के म्हणजे 200 किलो येतात. हे 200 ओढण्याच्या क्षमतेत मोजून लोक मोकळे होतात पण ते गाडीच्या पेलोडमध्येही मोजायचे असतात. आणि हुक एक्सलच्या 1.2 मीटर मागे असेल तर मागच्या एक्सलवर 200 चे 275 होतात.

लो_रेंज_आजोबा
मागच्या सस्पेन्शनला हवा भरलेल्या रबरी पिशव्या लावणारे, ते एअरबॅगवाले कुठे गेले?

निवांत_फोर_बाय_फोर
हजर आहे आजोबा 😄 पाटे आणि चासीच्या मध्ये एअरबॅग टाकली, गाडी एकदम सपाट उभी राहते, हेडलाइट आभाळात जात नाहीत, स्टीअरिंगला पकड येते. मला तरी यात काही चुकीचं वाटत नाही, सगळेच वापरतात.

लो_रेंज_आजोबा
सपाट उभी राहते हाच घोटाळा आहे बाळा. मागून बसलेली गाडी निदान ओरडून सांगते की जास्त झालं, एअरबॅग तिचं तोंड बंद करते. पाटा चासीला दोन ठिकाणी धरतो, एक पुढे एक मागे, त्यामुळे भार विभागतो. एअरबॅग मधोमध, एक्सलच्या वर, एकाच जागी चासी वर ढकलते. आता मागे स्टेपनी, कॅन, बाइकचा रॅक, हुकला ट्रेलर आणि गाडी जोरात खड्ड्यात गेली की चासी कॅब आणि हौद्याच्या मध्ये वाकते. डबल कॅबमध्ये हे जास्त दिसतं, कारण हौद्याचा बराचसा भाग एक्सलच्या मागेच येतो. बॅग वाईट नाही, पण तिने गाडीची मर्यादा एक किलोने वाढत नाही.

चिखल_किंग
मग ऑस्ट्रेलियात जीव्हीएम (भरलेल्या गाडीची वजनमर्यादा) अपग्रेड करतात ते काय? स्प्रिंग, शॉक बदलून कायदेशीर मर्यादा वाढवून मिळते. म्हणजे होतं ना शक्य!

रिकामा_हौदा
होतं. पण ते टेस्टिंग झालेलं ठरावीक किट असतं, काही किटमध्ये ब्रेकपर्यंत बदल असतात आणि त्याला सर्टिफिकेट मिळतं. गॅरेजमध्ये दोन पाटे जास्त घालणं आणि ते यात फरक आहे. शिवाय एकूण वजनाची मर्यादा वाढली तरी गाडी आणि ट्रेलर मिळून जी मर्यादा असते ती बहुतेक वेळा तशीच राहते, म्हणजे गाडीत वाढवलं तेवढं ट्रेलरमधून जातं.

चिखल_किंग
बरं मग विंच काढून टाकू? चिखलात अडकल्यावर पेलोडचा कागद दाखवून गाडी निघते का? तुमच्यासारखे लोक सेफ्टी सेफ्टी करत सेफ्टीचंच सामान काढायला सांगतात. आणि ऑफ-रोडला आपण 15-20 च्या स्पीडने जातो, ब्रेक आणि बेअरिंगला कसला लोड.

पाटा_तुटला
स्पीड कमी म्हणून लोड कमी? तिरक्या चढावर एक चाक हवेत असताना उरलेल्या तिघांवर काय येतं ते बघा. रूफ रॅक बनवणाऱ्या बऱ्याच कंपन्या ऑफ-रोडला रॅकची क्षमता दीडने भागायला सांगतात, ते उगाच नाही. आणि त्या जागेपर्यंत तुम्ही हायवेनेच जाता ना, तिथे ब्रेक लागतो.

विंच काढू नका. स्टीलची रोप काढून सिंथेटिक टाका, दहाएक किलो जातात, तेही नाकाच्या टोकावरून. 100 एएचची लेड बॅटरी 25-30 किलो भरते, लिथियमची 12-13. पाणी मात्र लिटरला किलो, त्यात कुणाची हुशारी चालत नाही, डिझेल लिटरला साधारण 0.84. लाँग रेंज टाकी लावली तर जास्तीच्या 60 लिटरचे 50 किलो, आणि रिकाम्या गाडीच्या वजनात फक्त मूळ टाकी धरलेली असते.

निवांत_फोर_बाय_फोर
ड्रायव्हर धरतात का त्यात?

पाटा_तुटला
ते कुठला देश यावर अवलंबून आहे. युरोपच्या पद्धतीत चालू स्थितीतल्या गाडीच्या वजनात 75 किलोचा ड्रायव्हर धरलेला असतो, अमेरिकेत पेलोडमध्ये ड्रायव्हरसकट सगळी माणसं मोजतात. दोन देशांचे ब्रोशर शेजारी ठेवून तुलना करणारे इथेच गंडतात.

चिखल_किंग
ॲल्युमिनियमचा बुलबार घेतो मग, खूश? रानात तडकला की वेल्डिंग कोण करतंय ते पण सांगा.

लो_रेंज_आजोबा
स्टीलचाच घे, हरकत नाही, पण मग पोटाखालचे पत्रे आणि तंबू यातलं एक सोड. आणि घेण्याआधी गाडी वजनकाट्यावर ने. टाकी फुल, नेहमीची माणसं, नेहमीचं सामान. आधी फक्त पुढची चाकं काट्यावर, मग पूर्ण गाडी, मग फक्त मागची. तीन पावत्या इथे टाक.

चिखल_किंग
टाकतो. पुढचा एक्सल मर्यादेत निघाला तर आजोबांनी पण हौद्यावर तंबू लावायचा.

लो_रेंज_आजोबा
माझ्या सिंगल कॅबला पेलोड उरलाय, मी दोन लावीन.