मदत हवी आहे: गाडी तीच, तारखा त्याच, 'राहण्याचा देश' बदलला की भाडं निम्मं. का?

घाटमाथा
नमस्कार मंडळी. जरा घाईत आहे, दर रोज हलतायत. कॅलिफोर्नियासाठी सात सीटर गाडी भाड्यानं बघतोय. एकाच साइटवर 'राहण्याचा देश' या रकान्यात भारत टाकलं की १ लाख ३२ हजार, अमेरिका टाकलं की ७१ हजार. बाकी कशाला हात लावलेला नाही. भारतीय दिसला की कापायचा असं आहे का हे? आणि अमेरिका टाकून बुक केलं तर तिथे काउंटरवर कोण बघतंय? ज्यांनी केलंय त्यांनीच सांगा. ज्ञान नको.

जुगाडू_जय
बिनधास्त करा. वर व्हीपीएन लावा, म्हणजे साइटला तुम्ही दुसऱ्याच देशातून बघताय असं वाटतं, दर अजून खाली येईल. मी विमानाची तिकिटं कायम तशीच काढतो.

एडिसनकर
घाटमाथा, किती दिवस? गाडी घेणार तिथेच परत देणार की दुसरीकडे? लायसन कुठलं?

घाटमाथा
सॅन फ्रान्सिस्कोला घ्यायची, लॉस एंजेलिसला सोडायची. लायसन आहे हो, त्याशिवाय गाडी बघीन का. प्रश्न दराचा आहे.

परिशिष्ट_ब
आहे का नव्हे, कुठलं ते विचारलंय. असो. मी मोटर क्लेममध्ये उभी नोकरी केली आहे, म्हणून एकच काम सांगतो. दोन्ही दरांच्या खाली 'भाड्यात काय समाविष्ट' अशी बारीक ओळ असेल. ती उघडा आणि दोन्ही याद्या इथे टाका. तोपर्यंत बाकीच्यांनी व्हीपीएन आवरा.

प्रभाकर_नाना
गाडी हवीच कशाला? आम्ही उभयतां ग्रुप टूरने गेलो होतो. बस दारात, जेवण भारतीय, चालवायची कटकट नाही. उजव्या बाजूने गाडी हाकणं म्हणजे या वयात जिवाशी खेळ.

घाटमाथा
नाना, आभार. पण टूर नकोय.
परिशिष्ट_ब, घ्या:
भारत: अमर्याद मैल, कर, विमानतळाचं शुल्क, सीडीडब्ल्यू, चोरी संरक्षण, सप्लिमेंटल लायबिलिटी १० लाख डॉलर.
अमेरिका: अमर्याद मैल, कर, विमानतळाचं शुल्क.

परिशिष्ट_ब
मग झालं की. तुम्ही दोन वेगळ्या वस्तूंची किंमत ताडून बघताय. ७१ हजारांत नुसती गाडी आहे, १ लाख ३२ हजारांत गाडी अधिक विमा.

कारण असं. अमेरिकेत राहणाऱ्या माणसाकडे बहुधा स्वतःची गाडी असते, तिची पॉलिसी असते, आणि ती पॉलिसी साधारणपणे अमेरिका-कॅनडात चार दिवस भाड्यानं घेतलेल्या गाडीलाही चालते. शिवाय तिथल्या कितीतरी क्रेडिट कार्डांवर भाड्याच्या गाडीच्या नुकसानीचं कव्हर असतं. त्याला पुन्हा विमा विकायला गेलात तर तो दुसऱ्या कंपनीकडे जाईल. म्हणून त्याला सोलून काढलेला दर दाखवतात. तुमची भारतातली पॉलिसी तिथे काडीच्या उपयोगाची नाही, हे कंपनीला ठाऊक आहे. म्हणून भारत, ब्रिटन, जर्मनीवाल्यांना सगळं आत घातलेला दर दाखवतात.

यातही दोन गोष्टी वेगळ्या ठेवा. सीडीडब्ल्यू (काही ठिकाणी एलडीडब्ल्यू म्हणतात) म्हणजे भाड्याच्या गाडीला पोचा पडला, ती चोरीला गेली, तर कंपनी तुमच्याकडे पैसे मागणार नाही. सप्लिमेंटल लायबिलिटी म्हणजे तुम्ही दुसऱ्याला ठोकलंत तर त्याचा खर्च. पहिली नसली तर जास्तीत जास्त गाडीच्या किमतीएवढं नुकसान. दुसरी नसली तर त्याला अंत नाही, कारण समोरचा माणूस अमेरिकन हॉस्पिटलात जाणार आहे.

कॅलिफोर्नियात कायद्यानं लागणारं किमान लायबिलिटी कव्हर १ जानेवारी २०२५ पासून वाढलं. ते आता एका माणसाच्या इजेसाठी ३० हजार डॉलर, एका अपघातासाठी ६० हजार आणि मालमत्तेसाठी १५ हजार आहे. वाढून एवढं! त्याआधी १५, ३० आणि ५ हजार होतं. एखाद्या चांगल्या गाडीचा पुढचा भाग चेपलात तर १५ हजार तिथेच संपले.

जुगाडू_जय
साहेब घाबरवतायत. आजवर किती जणांना ठोकलंत? विमा म्हणजे भीतीचा धंदा. आणि काही झालंच तर गाडी कंपनीची, कंपनी बघेल.

परिशिष्ट_ब
कंपनी बघणार नाही. २००५ मध्ये अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यात ग्रेव्हज दुरुस्ती आली. केवळ गाडीची मालक आहे म्हणून भाडेकंपनीला अपघाताची नुकसानभरपाई द्यायला लावता येत नाही, कंपनीची स्वतःची चूक दाखवावी लागते. दावा चालवणाऱ्यावर येतो.

एडिसनकर
+१. आणि व्हीपीएनचा इथे फारसा संबंधच नाही. दर ठरतो तो रकान्यात भरलेल्या देशावर. काउंटरवर लायसन मागतात, त्यावर पत्ता असतो. भारतातलं लायसन पुढे करून अमेरिकेचा रहिवासी म्हणवलंत तर समोरचा पोरगा हसून नवीन दर टाइप करतो, तोही त्या दिवसाचा. रांगेत आई-बाबा, मुलं, बॅगा घेऊन उभं राहून तिथे वाटाघाटी करता येत नाहीत.

दुसरी बाजूही सांगतो. आम्ही इथे अमेरिकेत राहणारे उलट तुमचा हेवा करतो. काउंटरवर सीडीडब्ल्यू घ्यायला गेलं तर दिवसाचे २०-३० डॉलर सहज जातात, लायबिलिटीचे वेगळे. माझे सासरे ठाण्याहून बुक करून आले, त्यांना सगळं आत धरून जो दर मिळाला त्यात मला तेवढा विमा इथे मिळाला नसता. तेव्हा घाटमाथा, ते ७१ अधिक रोजचा विमा अशी बेरीज करून बघा, मग १ लाख ३२ हजार तितके बोचणार नाहीत.

तिरकस_तात्या
म्हणजे एनआरआयना सुद्धा रडायला जागा आहे हे वाचून बरं वाटलं.

म्युनिकची_मावशी
परिशिष्ट_ब यांचं अमेरिकेपुरतं बरोबर आहे, पण 'सगळा फरक विम्याचा' हे मला पटत नाही. युरोपात थर्ड पार्टी विमा कायद्यानंच प्रत्येक भाड्याच्या गाडीला असतो. तरीसुद्धा इथे देश बदलला की दर बदलायचे. तक्रारी इतक्या झाल्या की ऑगस्ट २०१४ मध्ये युरोपियन कमिशनने सहा मोठ्या भाडेकंपन्यांच्या प्रमुखांना पत्रं लिहून जाब विचारला. पुढे जिओ-ब्लॉकिंगचा नियम आला, ३ डिसेंबर २०१८ पासून लागू. हॉटेल, भाड्याची गाडी, मैफिलीचं तिकीट, अशा जागेवर जाऊन घ्यायच्या सेवेत युरोपियन युनियनमधल्या ग्राहकाला त्याच्या देशामुळे वेगळा दर लावता येत नाही. फरक सगळा विम्याचाच असता तर हा नियम कशाला लागला असता? कुठल्या देशातला माणूस किती मोजायला तयार आहे, तिथे स्पर्धा किती, हेही आत असतं.

परिशिष्ट_ब
मावशी, मी अमेरिकेबद्दलच बोलत होतो.

म्युनिकची_मावशी
मग तसं लिहायचं ना. माझी बहीण नाशिकहून इटलीची गाडी बघत होती, मी इथून तीच बघत होते. सीडीडब्ल्यू, चोरी संरक्षण दोन्हीकडे होतं. तिला वर हजारभर युरोचं एक्सेस, मला शून्य एक्सेस, आणि तरी माझा दर कमी. जर्मन दलाल साइट्सवर एक्सेस परत मिळण्याची सोय बहुतेक वेळा आतच धरलेली असते, म्हणून. एक्सेस म्हणजे नुकसान झालं तर आधी आपल्या खिशातून जाणारी रक्कम, तेवढी कार्डावर अडकवून ठेवतात. आणि तो २०१८ चा नियम तिच्या काही कामाचा नाही, तो युनियनमधल्यांसाठी. नाशिक काही युनियनमध्ये नाही.

तिरकस_तात्या
नाशिकला घ्यायला हरकत नाही, द्राक्षं आहेत.
बाकी परदेशी कंपन्यांना कशाला नावं ठेवता? वेरूळला जा. आपल्याला ४० रुपये, गोऱ्याला ६००. तेव्हा कुणी धागा काढला नाही.

मांडवी
तात्या, तुलना चुकली. तिथे नागरिकत्व बघतात, इथे राहण्याचा देश. एडिसनकरांकडे भारतीय पासपोर्ट असेल तर त्यांना वेरूळला ४० च. सार्क आणि बिमस्टेक या आशियाई गटांतल्या देशांच्या नागरिकांनाही भारतीयांचाच दर. ओसीआय कार्डवाल्यांनाही, म्हणजे परदेशी नागरिकत्व घेतलेल्या मूळच्या भारतीयांनाही. शिवाय ती सरकारी वास्तू आहे, आपल्या करातून राखलेली.

तिरकस_तात्या
राखलेली हा शब्द जरा जपून.

जुगाडू_जय
मांडवीताई गोव्याच्या ना? मग सांगा, गोव्यात एमएच पासिंगचा माणूस दिसला की स्कूटरचा भाव वाढतो की नाही?

मांडवी
डिसेंबरात सगळ्यांनाच वाढतो, आम्हाला सुद्धा. पण विषय निघालाच आहे तर गाडीबद्दल सांगते. गोव्यात स्वतः चालवायला गाडी घ्याल तर काळ्या पाटीवर पिवळी अक्षरं असलेलीच घ्या. तीच परवान्याची भाड्याची गाडी. पांढऱ्या पाटीची 'मित्राची गाडी' दोनशे रुपयांनी स्वस्त मिळते. अपघात झाला की खाजगी गाडी भाड्यानं दिली म्हणून विमा कंपनी हात वर करते, आणि तो मित्र फोन उचलत नाही.

परिशिष्ट_ब
हे मात्र शंभर टक्के खरं. असे क्लेम पाहिलेत.

घाटमाथा
गोवा नकोय हो मला! माझ्या प्रश्नाचं काय? जिजूंनी आजच बुक करायला सांगितलंय.

एडिसनकर
जिजू कोण?

घाटमाथा
ताईचे मिस्टर. ते येतायत ना आमच्याबरोबर न्यू जर्सीहून. जास्त करून तेच चालवणार, मी मध्ये थोडी.

परिशिष्ट_ब
अहो!!

एडिसनकर
हे पहिल्या ओळीत यायला हवं होतं. जिजूंचं लायसन न्यू जर्सीचं? स्वतःची गाडी आहे? पॉलिसी आहे? भाडं कुणाच्या कार्डावर जाणार?

घाटमाथा
बारा वर्षं तिथे आहेत, लायसन, गाडी, पॉलिसी सगळं आहे. कार्ड माझं वापरायचं होतं, सगळा खर्च त्यांच्यावर नको म्हणून. गाडी भाड्याची, त्यात त्यांच्या पॉलिसीचा काय संबंध असं वाटलं, म्हणून लिहिलं नाही.

परिशिष्ट_ब
सगळा संबंध तोच. मग अमेरिकेचा दर खोटं न बोलता तुमचाच आहे. बुकिंग त्यांच्या नावावर, मुख्य चालक ते, राहण्याचा देश अमेरिका. फक्त आज बुक करण्याआधी त्यांना विमा एजंटला एक फोन करायला सांगा. विचारायचं ते असं: भाड्याच्या गाडीला माझी लायबिलिटी चालते का आणि कितीची? माझ्या पॉलिसीत कोलिजन (टकरीत गाडीचं होणारं नुकसान) आणि कॉम्प्रिहेन्सिव्ह (चोरी, आग वगैरे) आहे का? जुनी गाडी असली की लोक खर्च वाचवायला नुसती लायबिलिटी ठेवतात, मग भाड्याच्या गाडीचं नुकसान भरून निघत नाही. 'लॉस ऑफ यूज', म्हणजे गाडी गॅरेजात असेपर्यंत कंपनीचं बुडालेलं भाडं, पॉलिसी देते का? आणि मेहुण्यानं चालवली, लायसन भारतातलं, तर चालतं का? हा शेवटचा प्रश्न विसरू नका.

एडिसनकर
आणि कार्डाबद्दल. काउंटरवर मुख्य चालकाच्याच नावाचं क्रेडिट कार्ड लागतं. तुमचं भारतातलं कार्ड त्यांच्या बुकिंगवर चालेल या भरवशावर राहू नका. पैसे त्यांना नंतर द्या, घेणार नाहीत तो भाग वेगळा. त्यांच्या कार्डावर गाडीचं कव्हर असेल तर ते लागू व्हायला पूर्ण भाडं त्याच कार्डावर जायला हवं आणि काउंटरचा सीडीडब्ल्यू नाकारायला हवा. त्या कव्हरमध्ये लायबिलिटी नसते, हे पुन्हा सांगतो. तुमचं नाव जादा चालक म्हणून काउंटरवरच घालून घ्या, थोडे पैसे पडतील. नाव न घालता चाक हातात घेतलंत तर वरचं सगळं मुसळ केरात.

जुगाडू_जय
एवढं करण्यापेक्षा जिजूंच्या ऑफिसचा कॉर्पोरेट कोड, म्हणजे कंपनीला मिळणाऱ्या सवलतीचा नंबर, टाका. निम्म्यात काम.

एडिसनकर
ऑफिसच्या कामाचा कोड सुट्टीला वापरायचा असेल तर कंपनीची परवानगी लागते. काही कोडमध्ये विमा असतो, पण तो कामावर असतानाच. नको त्या वाटेला.

प्रभाकर_नाना
इंटरनॅशनल परमिट काढलंत का? आमच्या शेजारच्या मुलाला फार उपयोग झाला.

घाटमाथा
नाना, काढायचंय. आपलं लायसन इंग्रजीत आहे, मग लागतं का?

मांडवी
काढाच. सारथी या सरकारी लायसनच्या साइटवर अर्ज, फॉर्म ४ए, फी १००० रुपये, एक वर्ष चालतं. पासपोर्ट-व्हिसाच्या प्रती लागतात. इंग्रजी लायसनवर कॅलिफोर्नियात काम भागतं, पण काउंटरवर वाद नको. मूळ लायसन बरोबर हवंच, नुसतं परमिट म्हणजे भाषांतराचा कागद.

म्युनिकची_मावशी
आणि समुद्रकाठच्या हायवे १ ने जाणार असाल तर त्यावरचा बिग सूरचा रस्ता उघडा आहे का ते कॅलट्रान्सच्या (तिथलं रस्ते खातं) साइटवर निघण्याआधी बघा. दरडी कोसळून तो वरचेवर बंद होतो, आपला वरंध घाट बरा. गोल्डन गेट पुलावर २०१३ पासून रोख टोल घेत नाहीत, नंबर प्लेटचा फोटो निघतो आणि भाडेकंपनी वर आपलं शुल्क लावते. टोल आधीच ऑनलाइन भरता येतो.

घाटमाथा
जिजूंशी बोललो. लायबिलिटी एका माणसाला १ लाख, एका अपघाताला ३ लाख डॉलरची आहे, कोलिजन आहे, १००० डॉलर डिडक्टिबल (मावशींचं एक्सेस तेच). मी जादा चालक असेन तर चालेल म्हणाला एजंट. लॉस ऑफ यूज नाही. ७१ वाला दर आता ७४ झालाय. त्यांच्या नावानं, त्यांच्या कार्डावर टाकतोय.

परिशिष्ट_ब
एजंट तोंडी म्हणाला ते ईमेलवर मागून घ्या. लॉस ऑफ यूजसाठी जिजूंच्या कार्डाची कव्हरची पुस्तिका बघा, काही कार्डं देतात. देत नसेल आणि मन खात असेल तर काउंटरवर फक्त सीडीडब्ल्यू घ्या, बाकीचे चार पर्याय तो पुढे सरकवेल त्यांना नाही म्हणा. सही करण्याआधी छापील कागदावर कुठल्या कुठल्या पर्यायापुढे खूण आहे ते जिजूंना वाचायला लावा. गाडी ताब्यात घेताना चारही बाजूंनी, छताचा आणि काचेचा व्हिडिओ.

जुगाडू_जय
व्हीपीएन लावला असता तर ६५ ला पडली असती.