हेलिकॉप्टरची चूक आणि वहीचा डाव

‘व्हेअर ईगल्स डेअर’ या दुसऱ्या महायुद्धावरील चित्रपटात युद्धकाळात हेलिकॉप्टर दाखवणे हास्यास्पद आहे, असा आक्षेप घेतला जातो; तो मला अर्धाच मान्य आहे. पडद्यावरचे यंत्र अमेरिकी बेल ४७ असून त्याचे पहिले उड्डाण डिसेंबर १९४५ मध्ये, म्हणजे युद्ध संपल्यावर झाले. परंतु जर्मनांचे एफए २२३ हे हेलिकॉप्टर १९४० सालीच उडाले होते, त्यामुळे कल्पना नव्हे, केवळ यंत्र चुकले. खरी हातचलाखी निराळीच आहे: पडद्यावरचा किल्ला ऑस्ट्रियातील होहेनवेर्फेनचा, तर त्याकडे जाणारी केबल कार त्याच देशातील एबेन्झे येथील फॉयरकोगेल डोंगराची, आणि तरीही दोन जागांचा सांधा कोठे जाणवत नाही.

मला मात्र केबल कारवरील झटापटीपेक्षा भोजनगृहातील प्रसंग अधिक थरारक वाटतो. (चित्रपट न पाहिलेल्यांनी येथेच थांबावे.) रिचर्ड बर्टनचा मेजर स्मिथ जर्मनांना फितूर असल्याचा संशय असलेल्या तिघांना आपल्या हाताखालच्या हेरांची नावे लिहायला लावतो, ती खिशातील यादीशी ताडून पाहण्याच्या बहाण्याने, आणि नावे लिहून झाल्यावर त्याची स्वतःची वही कोरी निघते. दुसऱ्यांदा पाहताना सारे ठाऊक असूनही मी त्या वेळी खुर्चीच्या कडेवर बसलो होतो.