मदत हवी आहे: कॉन्फोकल मायक्रोस्कोपचा फिल्टर स्वतः बदलावा का?

भिंगरी

नमस्कार मंडळी,

पुण्यातल्या एका प्रयोगशाळेत पीएचडी करते. आमचा कॉन्फोकल मायक्रोस्कोप (लेझरने नमुना ठिपक्याठिपक्याने टिपून चित्र बनवणारा) २००९ सालचा. एएमसी (देखभालीचा वार्षिक करार) दोन वर्षांपूर्वी संपली आणि नूतनीकरणाची फाइल लेखा विभागात सुखाने नांदते आहे. जूनपासून हिरव्या चॅनेलमधलं चित्र अंधुक येतंय. पेशी त्याच, जीएफपी (पेशींतलं हिरवं चमकणारं प्रथिन) तेच, लेझरही तोच ४८८ नॅनोमीटरचा. पण पूर्वी डिटेक्टर (प्रकाश मोजणारा भाग) ५५० व्होल्टवर ठेवला की भागायचं, आता ७५० पर्यंत न्यावा लागतो आणि मग पेशींपेक्षा खरखरच जास्त दिसते. लाल चॅनेल (५६१ चा लेझर, एमचेरी हे लाल चमकणारं प्रथिन) ठणठणीत आहे.

काल धीर करून हिरव्या डिटेक्टरसमोरचा ५२५/५० चा फिल्टर काढून बघितला. २५ मिमीची चकती. कडेकडून आत ढगासारखा डाग पसरलाय आणि चकती तिरकी धरली की पावसाच्या डबक्यात पेट्रोल सांडल्यासारखे रंग दिसतात. लेन्स टिश्यूने हलकेच पुसून पाहिलं, डाग जागचा हलत नाही.

इंजिनिअरची भेट वेगळी, फिल्टर वेगळा आणि वाट दहा-बारा आठवडे, असं कोटेशन आलंय. सर म्हणाले, "बघ, तुझं तुला जमतंय का." म्हणजे जमलं तर आमचं आणि बिघडलं तर तुझं! हा फिल्टर बाहेरून मागवून मीच बसवला तर अलाइनमेंट (प्रकाशाची जुळवून ठेवलेली वाट) जाईल का? आणि चकतीच्या कडेवर एक बाण आहे, तो कुणीकडे करायचा?

काचवाला

आधी तो टिश्यू खाली ठेवा. डाग काचेच्या वर नसून आत आहे, जन्मभर पुसलात तरी जायचा नाही.

त्या काळातले बरेच फिल्टर सँडविचसारखे असत. दोन-तीन काचा, मध्ये झिंक सल्फाइड आणि क्रायोलाइटचे पातळ थर, सगळं इपॉक्सीने चिकटवलेलं. क्रायोलाइट दमट हवा पितं. कडेची चिकटण थोडी जरी सुटली तरी ओल आत शिरते, थर फुगतात, आणि थरांची जाडी बदलली की फिल्टरचा सगळा हिशेबच बदलतो. डबक्यातल्या पेट्रोलचे रंग आणि तुमच्या डागातले रंग एकाच कारणाने दिसतात: पातळ थराच्या दोन पृष्ठांवरून परत आलेल्या प्रकाशलहरी एकमेकींत मिसळतात.

वीज वाचवायला रात्री एसी बंद करता का? पुण्याच्या जुलैत तेवढं पुरतं.

नवा घेताना हार्ड कोटेडच घ्या. टँटलम पेंटॉक्साइड आणि सिलिकाचे थर एकाच काचेवर आयनांच्या माऱ्याने बसवलेले असतात. मधे चिकटवण नाही, त्यामुळे सुटायला काही नाही.

प्रकाशवेडा

काचवालांना +१, पण नुसत्या डागावरून फिल्टरला फाशी देऊ नका. डिटेक्टरही पंधरा वर्षांचा आहे. दोन चॅनेलचे फिल्टर होल्डर एकसारखे असतील तर हिरवा फिल्टर दुसऱ्या डिटेक्टरसमोर लावा आणि स्लाइड, लेझरची पॉवर, पिनहोल (डिटेक्टरच्या आधीचं बारीक भोक) काहीही न हलवता परत बघा. अंधार फिल्टरबरोबर गेला तर फिल्टर गेला. अंधार जागेवरच राहिला तर तो डिटेक्टरचा, आणि मग खर्चाची गोष्टच वेगळी.

जमलं तर चकती यूव्ही-व्हिजिबल स्पेक्ट्रोफोटोमीटरमध्ये (कुठल्या रंगाचा किती प्रकाश पार होतो ते मोजणारं यंत्र) क्युव्हेटच्या, म्हणजे द्रावणाच्या चौकोनी नळीच्या, जागी उभी धरून आलेख काढा. अगदी काटकोनात धरा. तिरकी झाली तर पट्टा निळ्याकडे सरकतो आणि तुम्हाला वाटेल फिल्टरच बिघडला.

कोथरूडचे काका

मंडळी, मी बँकेतून निवृत्त. कॉफीच्या फिल्टरपलीकडे माहिती नाही, पण वाचायला मजा येतेय. ५२५/५० म्हणजे काय? आणि हिरवा प्रकाश बघायला निळा लेझर का मारता?

भिंगरी

काका, घरातल्या हळदीवर सांगते. चिमूटभर हळद स्पिरिटमध्ये कालवून अंधारात तिच्यावर नोटा तपासायची जांभळी टॉर्च मारा. द्रव हिरवट पिवळा उजळेल. तो उजेड टॉर्चचा नाही, हळदीतल्या करक्युमिनचा. त्याने जांभळा प्रकाश गिळला, थोडी ऊर्जा वाटेत गमावली आणि उरलेली जास्त तरंगलांबीच्या प्रकाशाच्या रूपात परत दिली. १८५२ साली जॉर्ज स्टोक्सने क्विनाइनच्या द्रावणावर हेच दाखवलं.

आमचं जीएफपीही तसंच: ४८८ चा निळा गिळतं आणि साधारण ५०९ च्या आसपास सर्वांत जास्त हिरवा देतं. अडचण अशी की लेझर ढीगभर आणि हिरवा चमचाभर. म्हणून डिटेक्टरच्या दारात फिल्टर. ५२५/५० म्हणजे मध्य ५२५, रुंदी ५०, म्हणून ५०० ते ५५० आत आणि बाकीचे बाहेर.

प्रकाशवेडा, उद्या अदलाबदल करून बघते. पेशींऐवजी पिवळ्या हायलायटरचा ठिपका मारलेली स्लाइड चालेल ना? रोज नव्या पेशी कोण देणार!

प्रकाशवेडा

धावेल. वर कव्हरस्लिप ठेवून नेलपॉलिशने कडा बंद करा. लेझर मात्र कमी ठेवा, नाहीतर शाईच फिकी पडत जाईल आणि पुन्हा दोष फिल्टरला.

भिंगरी

केलं. अंधार फिल्टरबरोबर गेला! डिटेक्टर निर्दोष. स्पेक्ट्रोफोटोमीटरवर ५२५ ला मधोमध ६१ टक्के प्रकाश पार होतोय, डागाच्या बाजूला ३८. सरांना आलेख दाखवला. ते "हं" म्हणाले. आमच्याकडे याला मंजुरी म्हणतात.

आता बसवायचं सांगा.

काचवाला

तुमच्या यंत्रात हा फिल्टर पिनहोलच्या पुढे, डिटेक्टरच्या तोंडाशी आहे. चित्र कुठे पडायचं हे तिथपर्यंत ठरून गेलेलं असतं, त्यामुळे तो बदलल्याने अलाइनमेंट जात नाही. एवढं काम तुम्ही बिनधास्त करा.

पण त्याच पेटीत ४५ अंशांत उभा असलेला एक आयताकृती आरसा दिसेल. तो डायक्रोइक, म्हणजे काही रंग परतवणारा आणि काही पार सोडणारा. त्याला बोटही लावायचं नाही. लेझर त्याच्यावरून परावर्तित होऊन नमुन्याकडे जातो, आणि आरसा जितका कलेल त्याच्या दुप्पट किरण कलतो. उगाच "आलोच आहोत तर पुसून घेऊ" असं मनात आणू नका.

बाणाचं म्हणाल तर सेमरॉक कंपनीच्या रिंगवरचा बाण प्रकाशाच्या प्रवासाची दिशा दाखवतो, म्हणजे तुमच्या बाबतीत डिटेक्टरकडे. सगळ्या कंपन्यांचा रिवाज तोच असेल असं धरू नका, सोबतचा कागद वाचा. उलटा बसला तर आभाळ कोसळत नाही, पण काचेची स्वतःची चमक वाढू शकते.

मागवताना रिंगची जाडी तपासा. व्यास २५ मिमी जुळतो म्हणून आपण खूश होतो, आणि जुनी रिंग ५ मिमी जाड निघते, नवी ३.५. मग फिल्टर होल्डरमध्ये खुळखुळतो.

लेझर किल्लीने बंद करा आणि किल्ली स्वतःच्या खिशात ठेवा. ही तिसऱ्या ब वर्गाची यंत्रं आहेत, पापणी मिटायच्या आत डोळ्याचं नुकसान होतं. कव्हरचा इंटरलॉक (कव्हर उघडलं की लेझर बंद करणारं बटण) चिमट्याने दाबून "जरा बघते" हा उद्योग अजिबात नको. हातात पावडर नसलेले नायट्राइलचे मोजे घाला. धूळ रबरी फुग्याने उडवा, तोंडाने फुंकू नका.

पाषाणकर

डायक्रोइकबद्दल काचवाला सांगतात ते अक्षरशः खरं. मी तो एकदा काढला, पुसला आणि "होता तसाच" परत लावला. लेप उलट्या बाजूला गेला होता. किरण काचेच्या जाडीमुळे बाजूला सरकला आणि फोकस वरखाली केला की चाचणीच्या स्लाइडवरचे चमकणारे दाणे तिरपे चालायला लागले. तीन आठवडे गेले आणि गाइडचा अबोला वेगळा.

लेपाची बाजू ओळखायची युक्ती नंतर कळली: काच तिरकी धरून तिच्या कडेकडे बघायचं. पलीकडच्या कडेची जाडी दिसली तर आपण मागच्या बाजूने बघतोय, दिसली नाही तर लेप आपल्या समोर आहे.

अवांतर: होल्डरमधली खाचांची रिंग फिरवायला स्पॅनर नसेल तर कंपासपेटीतल्या डिव्हायडरची टोकं प्लॅस्टिकच्या नळीत घालून वापरा. चिमटा नको, तो घसरतो आणि नेमका काचेवरच.

भिंगरी

सप्टेंबर उजाडला, पण फिल्टर आला!

रिंग ३.५ चीच निघाली. वर्कशॉपच्या मामांनी दीड मिमीची अ‍ॅल्युमिनियमची कडी करून काळी अ‍ॅनोडाइज करून दिली (ते म्हणाले, "चकचकीत ठेवली तर प्रकाश नाचेल." मामा ऑप्टिक्स शिकलेले नाहीत, पण आमच्यापेक्षा त्यांना जास्त कळतं). पाषाणकर, डिव्हायडर कामी आला. सातवीतला होता.

बसवून चालू केलं तर चित्र लख्ख, पण मागची काळी जमीन राखाडी! पोटात गोळा आला. लेझर गळतोय का ते बघायला कोरी काच ठेवून तिच्या पृष्ठभागावर फोकस केला, तिथे रेघ उमटली नाही. म्हणजे फिल्टर लेझरला नीट अडवतोय. मग लेझर बंद करूनही राखाडीच! तासाभराने कळलं की कव्हरचा एक स्क्रू मी लावलाच नव्हता आणि त्या भोकातून शेजारच्या मॉनिटरचा उजेड आत जात होता. स्क्रू टेबलाखाली सापडला.

आता ५२० व्होल्टला काम होतंय. एसी रात्री २६ वर चालू ठेवायची परवानगी मिळाली आहे, आणि सुटे फिल्टर सिलिका जेल घातलेल्या हवाबंद डब्यात गेलेत.

काचवाला

सिलिका जेल निळ्याचं गुलाबी झालं की भाजून घ्या. लोक तेच विसरतात.

कोथरूडचे काका

अभिनंदन! हळदीचा प्रयोग नातीला दाखवला, दिवसभर टॉर्च घेऊन स्वयंपाकघर तपासत होती. तो जुना फिल्टर टाकणार असाल तर तिला मिळेल का?

भिंगरी

काका, तो स्टॉक रजिस्टरला आहे, निर्लेखन (नोंदीतून रीतसर काढणं) झाल्याशिवाय कचऱ्यातसुद्धा टाकता येत नाही. झालं की नक्की देते. पण त्यातून सूर्याकडे बघायचं नाही असं तिला आधीच सांगून ठेवा. हिरवा तर तो सोडतोच, आणि डोळ्याला न दिसणारा अवरक्त किती सोडतो ते मी मोजलेलं नाही.